‘स्नो फ्लॉवर अँड द सीक्रेट फॅन’ वाचलेल्यांनो, लिलीला माफ केलंत का?

काठपदर (धागाकर्ती)

आमच्या वाचनभिशीत या महिन्याला लिसा सीची ही कादंबरी होती. भिशीत बाराजणी, त्यातल्या नऊजणींनी पुस्तक खरोखर वाचलं (हा आमचा उच्चांक), आणि पोहे संपायच्या आत दोन तट पडले. एकीकडच्या म्हणतात लिली कृतघ्न, दुसरीकडच्या म्हणतात तिने दुसरं काय करायचं होतं. माझं अजून तळ्यात-मळ्यात चाललंय, म्हणून इथे आले.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. पुढे सगळं उघड लिहिणार आहे, तेव्हा रहस्यभंग नको असेल तर इथूनच मागे फिरा. पुस्तक २००५ सालचं. काळ एकोणिसाव्या शतकाचा, जागा चीनच्या हुनान प्रांताचं दक्षिण टोक. पूवेई गावातली लिली ही साध्या शेतकऱ्याची पोर. पाय बांधायचं वय होतं तेव्हा मादाम वांग नावाची सोयरीक जुळवणारी बाई येऊन तिचे तळवे चाचपते आणि सांगते की हिचे पाय नीट बांधले तर ही मोठ्या घरी पडेल. शिवाय तोंगकोऊ गावच्या बऱ्या घरच्या एका मुलीशी तिची ‘लाओथोंग’ म्हणून गाठ घालून देते. लाओथोंग म्हणजे जन्माची जोडीदारीण, करार करून. ती स्नो फ्लॉवर. दोघींमध्ये एक पंखा ये-जा करतो, त्याच्या घड्यांवर त्या नूशूत, म्हणजे फक्त बायकांच्या लिपीत, एकमेकींना लिहितात. पुढे लग्नं होतात, फासे उलटे पडतात. गरीब लिली लू घराण्याची थोरली सून होते आणि स्नो फ्लॉवर एका खाटकाच्या घरी जाते, कारण तिच्या घरचं वैभव बापाच्या अफूच्या नळीतून केव्हाच धूर होऊन गेलेलं असतं. हे लिलीला तिच्या लग्नानंतर कळतं.

पाय बांधायचं प्रकरण मी दोन बैठकीत वाचलं. अंगठा मोकळा सोडायचा, बाकीची चार बोटं तळव्याखाली दुमडायची, टाच आणि चवडा एकमेकांकडे ओढून पट्टी आवळायची आणि मग उठून चालायचं. माडीवरच्या बायकांच्या खोलीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, हाडं मोडेस्तोवर. चालवणारी आईच. धाकटी बहीण हातपाय झाडते, तरी बांधतात, आणि ती जखमा चिघळून मरते. आई दुसऱ्या मुलीला चालवायचं थांबवत नाही.

आईच्या मायेला कादंबरीत ‘थंग आय’ असा शब्द आहे. पहिलं अक्षर दुखण्याचं, दुसरं प्रेमाचं. आमच्यातली सांगलीकडची पटकन म्हणाली, “म्हंजे दुखवणारी आय.” त्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.

तर माझा प्रश्न. स्नो फ्लॉवर शेवटी पंख्यावर लिहिते की माझ्यामागे फार कटकटी आहेत, तुला हवी तशी मी होऊ शकत नाही, तुला माझी रडगाणी ऐकावी लागणार नाहीत, शेजारच्या तिघीजणी मी आहे तशी मला जवळ करतात. लिली त्याचा अर्थ लावते की हिने मला सोडून त्या तिघींशी सूत जमवलं. मग वर्षानुवर्षं मनात विष, आणि चारचौघीत गाऊन तिची अब्रू काढते. मरणाच्या दारात असताना जवळ जाते, आणि खरा अर्थ कळतो तो ती गेल्यावर. मोजकीच वाक्यं होती. बालपणापासून जिचं अक्षर ओळखते तिची एवढी वाक्यं बाईला नीट वाचता येऊ नयेत?

चिंचबोर

मी पट्ट्यांच्या प्रकरणात पुस्तक मिटलं ते मिटलंच. त्यामुळे लिलीवर बोलायचा हक्क नाही. पण त्या आईवर आहे. प्रेमबिम काही नाही, सरळ क्रौर्य आहे. “तुझ्या भल्यासाठी” हे दोन शब्द बोलून झाले की आयांना काहीही करता येतं.

पाऊलवाट

चिंचबोर, राग समजला, पण हिशेब मांडून बघा. पाच ते आठ वर्षांची पोर. न बांधलेल्या पायांची मुलगी म्हणजे त्या भागात मोलकरीण किंवा कुणाच्या घरात विकत दिलेली लहानगी सून. बांधलेले पाय म्हणजे निदान बरोबरीचं घर, आणि आदर्श माप, म्हणजे चिनी तीन इंच, आपले सुमारे १० सेंटिमीटर, साधलं तर लिलीसारखी उडी. हुंड्याला द्यायला काही नाही, देण्यासारखं एकच आहे आणि ते मुलीच्या घोट्याखाली. आई ते घडवते. मला ती आई आवडली नाही. पण ती वेडी नाही.

आणि वरून हुकूम काढून हे थांबत नव्हतं. मांचू राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या बायका पाय बांधत नसत. खांग्शी बादशहाने १६६४ मध्ये बंदी घातली आणि १६६८ मध्ये ती मागे घ्यावी लागली. घराघरातल्या आया बादशहाला पुरून उरल्या! दुसरीकडे हाक्का लोकांच्या बायका चीनमध्येच राहून पाय बांधत नसत, शेतात राबत. म्हणजे ‘चिनी संस्कृती’ असा एकच गठ्ठा नव्हता, हे कादंबरी वाचताना विसरायला होतं.

तिखटमीठ

मला नेमकं तेच खुपलं. इंग्रजीत चिनी बाईवर कादंबरी आली की पाय आलेच पाहिजेत, जसं आपल्यावर आली की सती आणि मसाल्यांचा वास. लेखिका अमेरिकन, प्रकाशक अमेरिकन, वाचकवर्ग अमेरिकन वाचनमंडळातल्या बायकांचा. त्यांना हुंदका हवा असतो आणि हुंदक्यानंतर ‘बरं झालं बाई आपण तिथे नव्हतो’ असा सुस्कारा.

चीनमध्ये बान चाओ नावाची बाई होऊन गेली, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात. भावाचा अर्धा राहिलेला हान घराण्याचा इतिहास तिने पुरा केला. आणि त्याच बाईने मुलींना नम्रतेचे धडे देणारं पुस्तकही लिहिलं, जे पुढे शेकडो वर्षं सुनांच्या डोक्यावर आपटलं गेलं. लहानपणी बाप, लग्नानंतर नवरा, मग मुलगा, यांचं ऐकायचं, हे जुनं सूत्र तिकडेही आहे. मनुस्मृतीतला तो श्लोक आठवला ना? स्वतः विदुषी आणि शिकवण अशी, या गुंत्यावर कुणी कादंबरी लिहा की. मी पहिली विकत घेईन.

काठपदर

तिखटमीठ, अर्धं मान्य. पण लेखिका अगदीच बाहेरची नाही. १९५५ साली पॅरिसमध्ये जन्म, पणजोबा चीनमधून गेलेले, लॉस एंजेलिसच्या चिनी वस्तीतल्या त्या गोतावळ्यावर तिचं एक आठवणीवजा पुस्तकच आहे. शिवाय या कादंबरीसाठी ती त्या भागात जाऊन आली. हुंदक्याचा मुद्दा मात्र खरा. शेवटच्या शंभर पानांत मी भाजी दोनदा करपवली.

तिखटमीठ

दोनदा करपवलीत म्हणजे पुस्तक जमलंय, असं माझी सासू म्हणेल. :)

उत्तररात्र

ग्वांगझौला नोकरीनिमित्त सहा वर्षं काढली. तिथून ग्वेलिनला फिरायला गेलो असताना बायकोच्या हट्टामुळे गाडी करून ज्यांगयोंगला, म्हणजे कादंबरीतल्या त्या भागात, गेलो. पूवेई हे गाव खरंच आहे. नदीच्या वळणात अडकलेलं, जवळजवळ बेट, पूल ओलांडून जावं लागतं. आता तिथे नूशूचं संग्रहालय आहे, शिकवणाऱ्या बाया आहेत आणि अर्थातच दुकानं आहेत. पंखे भरपूर.

दोन-तीन गोष्टी दुरुस्त करतो. एक, ‘गुप्त’ लिपी हा शब्द जरा विकाऊ आहे. गावातल्या पुरुषांना ही लिपी असते हे ठाऊक होतं. घरातल्या बायका एकत्र बसून ती मोठ्याने गात असत, लपवून काय लपवणार? पुरुषांनी ती शिकली नाही कारण त्यांना ती शिकण्यासारखी वाटली नाही. चिनी अक्षरं ती पुरुषांची लिपी, ही बायकांची. बायकी गोष्ट म्हटल्यावर कुलूप लावायची गरजच पडत नाही.

दुसरं, अक्षरं. चिनी अक्षर चौकोनात उभं राहतं. हे तिरकं, लांबुळकं, बारीक. डासाच्या तंगड्यांसारखं म्हणतात, आणि बघितल्यावर दुसरी उपमा सुचत नाही. कागदावर बोरू धरून बसायची चैन सगळ्यांना नव्हती. बांबूची काडी टोकदार करायची आणि कढईच्या बुडाची काजळी पाण्यात कालवून शाई करायची. नाहीतर सुईदोऱ्याने कापडावर. आम्हाला तिथल्या बाईंनी काडीने ‘बाई’ हा शब्द काढून दाखवला. वरून खाली, एका दमात, मनगट न टेकवता. माझ्या बायकोने काढला तो मेलेल्या डासासारखा दिसत होता.

तिसरं, आणि काठपदर, हे तुमच्या प्रश्नाला धरून आहे. चिनी अक्षराला स्वतःचा अर्थ असतो. ‘चांगलं’ या अक्षरात बाई आणि मूल शेजारी बसलेले आहेत, ‘शांतता’मध्ये छपराखाली बाई आहे, ‘विवाहिते’च्या जुन्या अक्षरात बाईच्या हातात केरसुणी आहे (हसू नका). उच्चार एकच असला तरी अक्षर बघून अर्थ कळतो. नूशूचं तसं नाही. ती उच्चाराची लिपी, एक चिन्ह म्हणजे त्या गावच्या बोलीतला एक आवाज. एकाच आवाजाचे चार शब्द असले तर चारही एकाच चिन्हाने. युनिकोडमध्ये २०१७ साली ती घेतली तेव्हा ३९६ चिन्हं घेतली, त्यात सगळं आयुष्य बसवायचं. मागचंपुढचं माहीत असलं तरच वाचता येतं. लेखिकेने गैरसमजाचा खिळा बरोबर तिथे ठोकलाय.

पाऊलवाट

उत्तररात्र, फार सुंदर प्रतिसाद. या लिपीत मूळचं लिहिणारं आता कोणी उरलं आहे का?

उत्तररात्र

लहानपणी घरात, आयाबहिणींकडून शिकलेली शेवटची म्हणून जिचं नाव घेतात त्या यांग हुआनयी २००४ मध्ये गेल्या, नव्वदीच्या पुढे. म्हणजे कादंबरी यायच्या आदल्याच वर्षी. आता शिकतात त्या वर्गात शिकतात. जुने कागद फार कमी मिळाले, कारण बाई गेली की तिचं लिखाण तिच्याबरोबर जाळायचं किंवा पुरायचं, वर गेल्यावर वाचायला. चौ श्वोयी नावाच्या स्थानिक माणसाने पन्नाशीच्या दशकात ते गोळा करायला घेतलं तर त्यांना ‘उजवे’, म्हणजे राजवटीचे विरोधक, ठरवून बाजूला सारलं. पुढे ऐंशीच्या दशकात अभ्यासकांचं लक्ष गेलं, तेव्हा चौ परत कामाला लागले आणि उतारवयात त्यांनी कोश काढला.

आम्ही पाहिलेल्यांत सगळ्यात जीव लावणारी वस्तू म्हणजे ‘तिसऱ्या दिवसाची वही’. लग्न होऊन तिसऱ्या दिवशी मुलीच्या मैत्रिणी, आई, चुलत्या कापडी बांधणीची वही सासरी पाठवत. पहिली काही पानं लिहिलेली: तू गेलीस, घर रिकामं झालं, सासरी जपून राहा. मागची पानं कोरी सोडलेली. ती तिने पुढे भरायची. त्याच पानांत तिने भरतकामाचे रेशमी धागे आणि कागदी नमुने घालून ठेवलेले असायचे. एका वहीत लाल दोरा अजून होता, पानावर त्याचा डाग उतरलेला.

चिंचबोर

“मागची पानं कोरी” वाचून गप्प बसले. आईवरचं मत बदललेलं नाही, पण पुस्तक पुन्हा उघडते.

दगडी_पाटा

अर्थशास्त्रवाला घुसतोय, चपला बाहेर काढल्या आहेत.

पाऊलवाट यांनी मांडलेला सोयरिकीचा हिशेब बरोबर, पण तो अर्धा आहे. लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स या दोघी अभ्यासिकांचं २०१७ चं पुस्तक आहे. त्यांनी चीनच्या खेड्यापाड्यातल्या सुमारे १,८०० म्हाताऱ्या बायकांच्या मुलाखतींचा आधार घेतला. त्यांचं म्हणणं असं की पाय बांधणं हे सौंदर्याचं किंवा लग्नाचं प्रकरण जितकं होतं तितकंच हातांचं होतं. सहासात वर्षांची पोर एका जागी बसत नाही. पाय बांधले की बसते, आणि बसली की कातते, विणते, शिवते. घराला सूत मिळतं. गिरणीचं स्वस्त सूत आल्यावर त्या कातणाऱ्या हातांची किंमत गेली, आणि एका पिढीत पाय मोकळे व्हायला लागले. १९०२ मध्ये सम्राज्ञी त्सशीने पाय न बांधण्याचं आवाहन काढलं, १९१२ मध्ये प्रजासत्ताकाने बंदी घातली, हे सगळं आहेच. पण जिथे चरखा आधी थांबला तिथे पट्टी आधी सुटली.

हे डोक्यात ठेवून कादंबरीतली ती माडीवरची खोली परत बघा. लिली, तिची चुलत बहीण ब्यूटिफुल मून (मधमाशी चावून मरते ती, लेखिकेने बिचारीला फार स्वस्तात मारलंय), आई, काकू. दिवसभर हात चालू. आपण ते मैत्रीचं, गाण्याचं दालन म्हणून वाचतो. तो कारखानाही होता.

आणि आता मुंबईकरांनी मान खाली घाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत मुंबईच्या गिरण्यांच्या सुताचं मोठं गिऱ्हाईक चीन होतं. म्हणजे त्या पोरींच्या चात्या थांबवण्यात गिरणगावातल्या माझ्या पणजोबांचाही वाटा असू शकतो. हे पुण्य. पापही ऐका: स्नो फ्लॉवरच्या बापाच्या नळीतली अफू. १८२०-३० च्या दशकांत माळव्याची अफू मुंबई बंदरातून गलबतं भरभरून चीनला जात होती. ज्यांच्या नावाने मुंबईत रुग्णालय आणि कला महाविद्यालय आहे त्या जमशेटजी जीजीभॉय यांनी त्या व्यापारात पैसा केला, हे काही लपलेलं नाही. तो बाप नेमकी कुठली अफू ओढत होता ते लेखिकेने सांगितलेलं नाही. मला आपलं वाटून गेलं.

तिखटमीठ

पाटासाहेब, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा म्हणून टाका. मी माझं ‘पायच पाय’ हे म्हणणं थोडं मागे घेते. पाय दाखवून हात लपवले, असं म्हणते.

रात्रपाळी

चित्रपट पाहिलाय कुणी? वेन वांगचा, २०११ चा. त्यात आजच्या शांघायमधल्या दोन मैत्रिणींची समांतर गोष्ट घुसडली आहे आणि मध्येच ह्यू जॅकमन येऊन गाणं म्हणतो. मी नाईट ड्यूटीला पाहिला, तरी झोप आली. मूळ विषयावर या, लिलीचं काय ठरलं?

पाऊलवाट

लिलीची बाजू मी घेते. ती नियम पाळून वर आलेली बाई आहे. पाय नियमाने, बोलणं नियमाने, साथीत सासू-सासरे गेल्यावर घराची मालकीण झाली तीही नियमाने वागून. अशा बाईला दुसरीचं दुःख दिसलं की उपाय सुचतो, आणि उपाय एकच: तूही नियम पाळ. नवरा मारतो? मुलगा होऊ दे. सासू छळते? अजून वाक. १८५० च्या दशकात ताइपिंग बंडखोर येतात, तेव्हा लिली स्नो फ्लॉवरच्या घरी असते आणि त्या माणसांबरोबर डोंगरात पळते. त्या पायांनी, थंडीत. तिथे तो खाटीक नवरा बायकोला मारताना ती स्वतःच्या डोळ्यांनी बघते. तरी खाली आल्यावर तिचा सल्ला बदलत नाही. ती दुष्ट नाही. तिला दुसरी भाषाच येत नाही.

आणि स्नो फ्लॉवरला नेमक्या त्या सल्ल्यांचा वीट आलाय. “मी आहे तशी जवळ करतात” याचा अर्थ एवढाच, की त्या मला सुधारायला बघत नाहीत.

चिंचबोर

पुस्तक पुरं केलं. आज दुपारी. डोळे सुजलेत.

पाऊलवाट, पटत नाही. नियम पाळणारी माणसं मला माहीत आहेत, आमच्याकडे घाऊक आहेत. पण चारचौघीत गाऊन मैत्रिणीची लक्तरं काढणं कुठल्या नियमात बसतं? तिने सांगितलेली गुपितंच तिच्यावर फेकली! आईने पाय मोडले ते निदान मुलीचं काही व्हावं म्हणून. लिलीने जे मोडलं त्यात कुणाचंच काही होणार नव्हतं. मला आता ती आई परवडली. (हो, मीच लिहितेय हे.)

शिवनाथकाठ

नेहमी वाचनमात्र असते, पण लाओथोंगवरून राहवलं नाही. माझी आई राजनांदगावची. घरात मराठी, दारात छत्तीसगढी. तिकडे ‘भोजली’ असते. श्रावणात टोपलीत गहू पेरायचे, अंधारात वाढवायचे, म्हणून ते पिवळेधमक येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी तळ्यावर शिरवायचे, म्हणजे पाण्यात सोडायचे. तेव्हा दोघीजणी ते कोंब एकमेकींच्या कानामागे खोवतात आणि त्या दिवसापासून त्या एकमेकींच्या ‘भोजली’. जन्मभर. जात वेगळी असली तरी. सुखदुःखात सख्ख्या नात्यासारखं येणंजाणं, आणि एक पथ्य: एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती “भोजली” अशीच.

आईची भोजली तेली समाजातली. आई लग्न होऊन नागपूरला आली. ती मावशी दरवर्षी एक पिशवी पाठवायची, तिवरा डाळ आणि बडी. फोन आला की आई ‘सीताराम भोजली’ म्हणायची आणि मग अर्धा तास दोघींचा हसण्याचाच आवाज. मावशी गेली तेव्हा निरोप आणणाऱ्याने तिचं नाव सांगितलं, आणि आईला दोन मिनिटं कळेना कोण गेलं. तिने ते नाव पन्नास वर्षांत उच्चारलंच नव्हतं.

लिली-स्नो फ्लॉवरमधला करार, मध्यस्थ, जन्मवेळा जुळवणं वाचताना बऱ्याच जणांना नवल वाटलं असेल. मला वाटलं, एवढा कागद कशाला? गव्हाचे कोंब पुरतात.

उत्तररात्र

शिवनाथकाठ, वाचनमात्र राहू नका हो. खाली ज्यांगयोंगमध्येही गावागावांतल्या मुलींचे शपथेच्या बहिणींचे गट असत. त्यात कागद असतोच असं नाही, बरोबर बसून शिवणटिपण आणि गाणं एवढं पुरायचं. कादंबरीतल्या त्या शेजारच्या तिघी त्याच धर्तीच्या. लाओथोंग एकीशीच आणि कायमची, शपथेच्या बहिणी अनेक, असा भेद लेखिकेने फार घट्ट धरलाय, कारण लिलीचा मत्सर त्याच्यावरच उभा आहे.

दगडी_पाटा

आपल्याकडे लिपी नव्हती, जातं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी पुण्याहून गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, त्या आता ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. सासू, नवरा, भाऊ येत नाही म्हणून रुसवा, सगळं त्यात आहे. पहाटे, पिठाच्या आवाजाखाली. घरातल्या पुरुषांना ऐकू जायचंच, उत्तररात्र म्हणतात तसं. पण झोपेत ऐकलेलं कोण मनावर घेतो.

तिखटमीठ

फरक एवढाच की ओवी चार कोस लांब पाठवता येत नाही. नूशूतलं पत्र येतं. मध्ये कुणा पुरुषाला लिहायला-वाचायला न बसवता एक बाई दुसऱ्या गावातल्या बाईला कळवू शकते की माझं बरं चाललेलं नाही. मला या पुस्तकात पायांपेक्षा हे मोठं वाटायला लागलंय.

काठपदर

तिखटमीठ, तुमच्या या प्रतिसादामुळे काल आईला फोन केला. आजीच्या पोस्टकार्डांबद्दल अर्धवट ऐकलं होतं, ते नीट विचारून घेतलं.

आजी अक्षरशत्रू. तेराव्या वर्षी लग्न होऊन घाटाखाली आली, माहेर तीस कोस वर. माहेरी पत्र जायचं ते धाकटा दीर लिहायचा, लिहून झालं की ओटीवर सगळ्यांना वाचून दाखवायचा, आणि मग टपालात. त्यामुळे आजीची सगळी पत्रं एकसारखी: इकडील सर्व क्षेम, मी सुखरूप आहे, काळजी नसावी, लेखनसीमा. सासरच्या ओटीवर उभं राहून दुसरं काय सांगणार? हे तिच्या आईला आधीच कळलं होतं, तीही निरक्षरच, पण शहाणी. पाठवणीच्या वेळी तिने लेकीला सांगून ठेवलं: पत्र लिहून झालं की तू त्याच्या कोपऱ्याला कुंकू लाव. शुभ असतं, कोणी हटकणार नाही. दोन बोटं लावलीस तर मी समजेन बरं आहे. एकच लावलंस तर भावाला पाठवते.

मजकूर माहेरी मास्तर वाचून दाखवायचे, आणि पणजी ऐकता ऐकता कोपरा बघून घ्यायची.

चिंचबोर

अहो, अंगावर काटा आला. एक बोट कधी आलं का?

काठपदर

एकदा. १९५१ च्या पावसाळ्यात. पणजी तोवर गेली होती, पत्र आजीच्या भावाच्या हातात पडलं. त्याला खूण माहीत होती. पण पत्र भिजून आलं होतं, शाई पसरलेली, कुंकू ओघळलेलं. त्याला वाटलं दुसरं बोट पावसाने धुतलं असेल. लावणी चालू होती. तो दिवाळीत आला, भाऊबीजेला, दरवर्षीसारखा.

आजीने त्याला ओवाळलं. त्या पावसाळ्यात काय झालं होतं ते तिने ना त्याला सांगितलं, ना पुढे माझ्या आईला. पत्रांना कुंकू लावणं मात्र बंद केलं.

भाऊ वारल्यावर त्याच्या ट्रंकेत ते कार्ड सापडलं, म्हणजे त्याने वेगळं काढून ठेवलं होतं. आता आईकडे आहे. तिने आज सकाळी खिडकीशी धरून फोटो पाठवला. मी मोठा करून, उजेड कमीजास्त करून बराच वेळ बघत बसले. कोपऱ्यात एक तांबूस डाग आहे, लांबट. एकच बोट आहे की दोन एकात मिसळलीत, मला सांगता येत नाही.